घोडा कुठे थांबतो?

"घोडे माथेरानसारखेच का रे असतात तिथले?"

प्रश्न मराठीत होता आणि मला विचारलेला नव्हता. रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या आजींनी तो आपल्या मुलाला विचारला होता. मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काउंटरवर विचारू ना आई." काउंटरवर मी होते. समोरच्या अमेरिकन जोडप्याची तिकिटं छापून होईपर्यंत दम धरायला हवा होता, पण सात आठवडे घरचा फोन सोडला तर मराठी कानावर पडलं नव्हतं. मी तिथूनच म्हटलं, "माथेरानपेक्षा अंगाने बारीक असतात आजी. आणि वाट चिखलाची आहे."

अमेरिकन जोडप्याने मागे वळून पाहिलं. आजींनी चष्मा वर केला.

"अगंबाई, मराठी का तू? कुठली?"

"चिपळूणची."

"मग इथे काय करतेस?"

हा प्रश्न माझी आईही दर फोनला विचारायची. तिला वाटायचं की मी बोटीवर प्रवाशांच्या बॅगा उचलते. माझ्या खात्याचं नाव शोअर एक्सकर्शन. जहाजावर एवढं लांबलचक कुणी म्हणत नाही, सगळे शोरेक्स म्हणतात. बंदर आलं की प्रवाशांना किनाऱ्यावर काय दाखवायचं, तिथे कशाने न्यायचं आणि नांगर उचलायच्या आत मोजून परत कसं आणायचं, एवढं आमचं काम. पण आमच्या मागच्या खोलीत भिंतीवर जो तक्ता लावलेला असतो त्यात लोक किती परत आले हे लिहिलेलं नसतं, तिकिटं किती विकली हे असतं. मी अशी चार कॉन्ट्रॅक्ट केली. हिवाळ्यात जहाज कॅरिबियनमध्ये असायचं आणि उन्हाळ्यात उत्तरेला, नॉर्वे-आइसलँडकडे.

आजींचं कुटुंब एडिसनहून आलं होतं, न्यू जर्सीतून. आजी डोंबिवलीच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मोठा मुलगा, सून, त्यांची 14 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा, शिवाय धाकटा मुलगा आणि त्याची बायको. सात जण, नाताळची सुट्टी, आणि चार दिवसांनी सामाना.

सामाना हा डोमिनिकन रिपब्लिकच्या ईशान्य टोकाचा द्वीपकल्प. गावही त्याच नावाचं. आमचं जहाज तिथे धक्क्याला लागायचं नाही, आखातात नांगर टाकायचं आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जायची. जानेवारीच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंत त्या आखातात हंपबॅक देवमासे येतात, पिल्लं घालायला आणि जोडीदार शोधायला. तेव्हा सगळी तिकिटं देवमाशांची जातात. डिसेंबरात मात्र देवमासे नसतात. मग उरतात ते कायो लेवांतादो हे आखातातलं बेट, गावातला फेरफटका आणि 'घोड्यावरून एल लिमोन धबधब्याला'.

हे शेवटचं तिकीट विकावं लागत नाही, ते आपोआप खपतं. नावातच घोडा आहे, धबधबा आहे, आई-बाप आणि पोरं दोघांचीही सोय आहे. वर फोटो होता: पांढऱ्या घोड्यावर हसणारी मुलगी, मागे धबधबा. मी त्या जागी पुढे चार-पाच वेळा गेले. घोडा आणि धबधबा एका फोटोत मावतील अशी जागा मला तरी सापडली नाही.

पण हे कळायला मला एक अख्खं कॉन्ट्रॅक्ट लागलं. पहिल्या हंगामात मी ते तिकीट न बघता विकलं. यात जगावेगळं काही नाही. डेस्कवरच्या माणसाला बंदराच्या दिवशी धक्क्यावर उभं राहून बस सोडायच्या असतात, स्वतः फिरायला वेळ कुठला? आमच्याजवळ प्रत्येक सहलीचा एक कागद असे. किती तास, काय घालायचं, कमीत कमी वय किती, आणि श्रमाची खूण. एक चालणारा माणूस म्हणजे सोपं, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे अवघड. एल लिमोनपुढे दोन माणसं चालत होती. मध्यम. आता हा शब्द किती निरुपयोगी आहे पाहा. सिंहगड चढणाऱ्याचं मध्यम आणि लिफ्ट बंद पडली म्हणून दोन मजले चढून धापा टाकणाऱ्याचं मध्यम यांची कधी गाठ पडली आहे का?

त्या हंगामात एक बाई आल्या होत्या, साठीच्या, एकट्या. "चालावं लागतं का फार?" त्यांनी विचारलं. मी कागदावर नजर टाकली आणि म्हटलं, "थोडंसं." संध्याकाळी त्या परत आल्या त्या एका खलाशाच्या खांद्याचा आधार घेऊन. गुडघा सुजून शहाळ्याएवढा झाला होता. मला वाटलं आता आरडाओरडा करतील, पैसे परत मागतील. त्यांनी फक्त विचारलं, "तू स्वतः गेली आहेस का तिथे?"

मी म्हटलं, नाही.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि हळूहळू लिफ्टकडे गेल्या.

त्या रात्री क्रू मेसमध्ये हे मी एका गोवेकर सहकाऱ्याला सांगितलं. तो साष्टीचा. त्याच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, आजोबा बोट लागेपर्यंत मुंबईत धोबीतलावला आपल्या गावाच्या क्लबात राहायचे. गोव्याच्या गावागावांनी मुंबईत असे क्लब काढले होते, बोटीवर जाणाऱ्या माणसांना पडायला जागा म्हणून. तो म्हणाला, "स्वैंपाक्याने चाखल्याशिवाय वाढू नये." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सांगितलं की पुढच्या वेळी मला एस्कॉर्ट म्हणून पाठवा. गाडीत जागा रिकामी असेल तर क्रूमधला एक जण हातात नंबराची पाटी घेऊन बरोबर जातो, डोकी मोजतो आणि परत येऊन चार ओळींचा अहवाल देतो. हा एस्कॉर्ट.

एल लिमोनला जायचं म्हणजे आधी टेंडरमधून उतरायचं. टेंडर म्हणजे जहाजाला टांगलेल्या त्याच जीवरक्षक नौका. गेटवेवरून एलिफंटाच्या लाँचमध्ये चढलेल्याला काही सांगायला नको: बोट खालीवर होते, पायरी सरकते, आणि दोन्ही बाजूंनी दोन खलाशी कोपराला धरून "आता!" म्हणतात तेव्हाच पाय टाकायचा. मग गाडीतून डोंगर ओलांडून एल लिमोन गावाकडे. रस्त्याकडेला ठिकठिकाणी घोड्यांचे तळ आहेत, त्यांना तिथे पारादा म्हणतात. थांबा. छपराखाली लाकडी बाकं, कॉफी आणि कोकोच्या बिया वाळत घातलेल्या, आणि पलीकडे दोरीला बांधलेले घोडे.

घोडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शिवाजी पार्कचा पुतळा येतो. हे घोडे तट्टाच्या जातकुळीतले, अंगाने लहान, पण पाय घट्ट. मी आधी खोगिराखाली पाहिलं, पाठीला जखम आहे का. हे मला माझ्या मामाने शिकवलं होतं, बैलांच्या बाबतीत. त्या दिवशीचे घोडे बरे होते. पुढे एकदा एक घोडी पाहिली जिच्या पाठीवर पैशाएवढा ओला घाव होता, तेव्हा मी ती बदलून घेतली आणि अहवालात लिहिलं. त्या तळावर माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं गेलं नाही.

प्रत्येक घोड्यामागे एक माणूस असतो, पायी. कागदावर त्याला 'गाइड' म्हटलं होतं. आपल्याकडे त्याला मोतद्दार म्हणतात. माझा मोतद्दार एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात दोरीचा तुकडा, जो त्याने एकदाही वापरला नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिशचे पन्नास शब्द. रिकिबीत पाय अडकवताना त्याने माझ्या बुटाची टाच धरून मागे ओढली, म्हणजे पाय आरपार जाऊ नये. मग हातवारे करून दाखवलं: चढाला पुढे वाक, उताराला मागे रेल, लगाम सैल सोड, बाकीचं घोड्याला कळतं.

आणि खरंच घोड्याला कळतं. वाट तांबड्या मातीची, त्यात दगड, आणि रात्री पाऊस झालेला. आधीच्या घोड्यांच्या खुरांनी चिखलात खड्डे पडलेले असतात, ओळीने, एकाआड एक. आपला घोडा नेमका त्याच खड्ड्यांत पाय टाकत जातो. दर पावलाला पचक असा आवाज येतो आणि आपलं कंबरडं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलतं. ओढा लागला तर तो थांबतो, वास घेतो, मग उतरतो. आमच्यातल्या एका मुलाची स्लिपर तिथेच वाहून गेली. कागदावर 'बंद बूट' लिहिलं होतं, पण कागद कोण वाचतो?

वाटेवर कोको दिसला. खोडालाच लगडलेली पिवळी-तांबूस बोंडं, थेट फणसासारखी, फांदीची वाट न बघता. कॉफी होती, नारळ होते, केळी होत्या. क्षणभर वाटलं की वळणावर वाशिष्ठी दिसेल. मी घोड्यावर बसलेली आणि एक पोरगा माझ्यासाठी चिखल तुडवतोय, याचं मात्र सगळा वेळ ओझं वाटत राहिलं. माझ्या पुढच्या घोड्यावरच्या गृहस्थाने निम्म्या वाटेवर कपाळ पुसत म्हटलं, "दमायला झालं बुवा." त्याचा मोतद्दार मागून शीळ घालत येत होता.

अर्ध्या-पाऊण तासाने घोडे थांबले. सपाट जागा, झाडाखाली दावणी, एक टपरी. धबधबा कुठेच नाही. आवाज मात्र खालून येत होता. पोराने बोट दाखवलं: आता पायी.

आणि इथे मला त्या बाईंचा गुडघा कळला. धबधबा खाली दरीत आहे. घोडे वर राहतात आणि माणसं पायऱ्या उतरून जातात. पायऱ्या ओल्या, एक उंच एक बुटकी, कुठे कठडा आहे, कुठे नाही. पाऊण तास घोड्यावर मांड्या ताणून बसल्यावर आपण उतरतो तेव्हा पाय आधीच लटपटत असतात, आणि त्याच क्षणी त्यांना पायऱ्या उतरायला सांगितलं जातं. वर चढून येणं दमवतं, पण गुडघे खातो तो उतार. 'थोडंसं चालणं' यात हे सगळं बसवलं होतं. अंतराच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं.

धबधबा सुरेख आहे, हे सांगायला हवं. 40-50 मीटर उंचीचा कातळ, शेवाळाने हिरवागार, आणि त्यावरून पाणी कोसळत नाही, ओघळतं, मोकळ्या केसांच्या बटांसारखं पसरून. खाली डोह. 1996 पासून ही जागा तिथल्या सरकारने नैसर्गिक स्मारक म्हणून राखली आहे. डोहाचं पाणी इतकं गार होतं की पहिल्यांदा श्वासच अडकला. पावसाळ्यात परशुराम घाटातल्या सवतसड्याखाली उभं राहिल्यासारखं, फक्त इथे डिसेंबर होता आणि हातात गरम भजी नव्हती.

परत आल्यावर घोड्यावरून उतरले तेव्हा पोराने घोड्याची मान थोपटली, मग काहीच न बोलता माझ्याकडे पाहिलं. प्रोपिना. बक्षिसी. माझ्या खिशात 20 डॉलरची एकच नोट होती. त्याच्याकडे सुट्टे नसणार, हे उघड होतं. बरोबरच्या बऱ्याच जणांनी "आम्ही सगळे पैसे जहाजावर भरलेत" असं सांगून हात झटकले. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना तसंच सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. तिकिटाच्या पैशांतले किती त्या चिखल तुडवणाऱ्या पोरापर्यंत पोचतात हे मी पुढे दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही, आणि न मिळालेलं उत्तरही मला पुरेसं होतं. मी ती वीसची नोट दिली. त्याने ती घडी करून गमबुटात टाकली.

अहवालात मी लिहिलं की वर्णनात 'शेवटी उतरत्या पायऱ्या' आणि 'मोतद्दारासाठी सुटे पैसे' हे शब्द घालावेत. मजकूर वरून ठरतो, असं कळवण्यात आलं. मग मी एक लाल वही केली. जी सहल पाहीन तिच्यापुढे एकच गोष्ट लिहायची: वाहन कुठे थांबतं? घोडा असो, बस असो, होडी असो. त्यानंतर काय उरतं? वही भरत गेली तसं लक्षात आलं की घोडा आणि धबधबा हे दोन शब्द तेच राहतात आणि प्रत्येक बंदरात दिवस मात्र वेगळा निघतो.

जमैकात ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर आहे. तिथे धबधब्याखाली उभं राहायचं नसतं, तो चढायचा असतो. जवळजवळ 180 मीटरचा पायऱ्यापायऱ्यांचा कातळ, खालून समुद्राकडून सुरुवात, आणि अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून केलेली साखळी. तिथे घोडे वेगळ्या ठिकाणी असतात, समुद्रात पोहतात. दोन्ही एका दिवसात करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. संध्याकाळी जेवायला आलेली नाही पाहिली.

आणि आइसलँडला आकुरेरी बंदरातून गोदाफॉसला जातात, ते अगदीच निराळं. धबधबा 12 मीटरचाच, पण 30 मीटर रुंद, घोड्याच्या नालासारखा वळलेला, आणि बस जवळपास दारात सोडते. आंघोळीचं नाव काढायचं नाही, फक्त बघायचं. नावाचा अर्थ देवांचा धबधबा. इसवी सन 1000च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा थोरगेइर नावाच्या प्रमुखाने जुन्या देवांच्या मूर्ती यात टाकल्या, अशी दंतकथा आहे. नाशिकच्या एका काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "विसर्जनच म्हणा की." तिथले घोडे बुटके आणि झुपकेदार, पण त्यांना तट्टू म्हटलेलं तिथल्या माणसाला खपत नाही. त्यांची टोल्ट नावाची एक खास चाल आहे, दुडकी नाही, दौड नाही, पाठीवर बसलेल्याच्या हातातली कॉफी सांडू नये इतकी बिनहिसक्याची. एकदा देशाबाहेर गेलेला घोडा आइसलँड परत आत घेत नाही, रोगराईच्या भीतीने, आणि वापरलेलं खोगीर-लगामही आणू देत नाही. गुडघेदुखीवाल्याला मी डोळे मिटून गोदाफॉसचं तिकीट दिलं असतं. पण आजी आइसलँडला चालल्या नव्हत्या.

तर सामानाच्या आदल्या तीन संध्याकाळी हे कुटुंब माझ्या काउंटरवर येऊन बसत होतं. घरातली चर्चा मराठीत, त्यामुळे मागच्या रांगेची करमणूक व्हायची नाही, एवढा फायदा.

पहिली अडचण धाकटा नातू. तिकिटावर किमान वय आठ. "पुढच्या महिन्यात आठ पूर्ण होतील हो त्याला, ताई," सून म्हणाली. आठ हा आकडा काही वेदवाक्य नाही, पण पोराचे पाय रिकिबीत पोचले पाहिजेत. मी त्याला काउंटरच्या उंच स्टुलावर बसवलं. पाय लोंबकळले. त्याचं त्यालाच कळलं आणि तो रडायला लागला.

दुसरी अडचण बोलायला नाजूक. मर्यादा 250 पौंडांची होती, म्हणजे 113 किलो. धाकटे चिरंजीव म्हणाले, "मी असेन एकशे पाच." लोक वजनातले आठ-दहा किलो बोलण्यातच उतरवतात, हे मला वर्षभरात पाठ झालं होतं. मी म्हटलं, "दादा, सातव्या डेकवर जिममध्ये काटा आहे. मला सांगू नका, स्वतःच बघून या." ते गेले, वीस मिनिटांनी आले आणि म्हणाले, "मला घोड्याची ॲलर्जी आहे बहुतेक." त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

मग त्यांनीच दुसरा मुद्दा काढला: धक्क्याबाहेर हीच सहल स्वस्तात मिळते म्हणे, खरं का? मी खरं तेच सांगितलं. मिळते. डोंगर तोच, बहुतेकदा घोडेही तेच. फरक एवढाच की आमच्या सहलीची गाडी चिखलात रुतली तर जहाज थांबतं, बाहेरच्या गाडीसाठी थांबेलच असं नाही. शिवाय घड्याळ सांभाळा. डोमिनिकन रिपब्लिकचं घड्याळ हिवाळ्यात फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. जहाजाने तिथली वेळ लावली आणि तुमचा फोन विमान मोडमध्ये झोपलेला असला, तर तुम्ही निवांत शहाळं पीत बसाल आणि शेवटची टेंडर गेलेली असेल.

तिसरी अडचण, म्हणजे मुलाच्या मते अडचण, आजी. 71 वर्षं, उजवा गुडघा अधूनमधून धरतो. मुलाने आईसाठी गावातला फेरफटका ठरवून टाकला होता. तो वाईट नाही. 1824 मध्ये, सगळं बेट हैतीच्या ताब्यात असताना, अमेरिकेतून गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय लोक इथे येऊन वसले, त्यांचं जुनं पत्र्याचं चर्च तिथे आहे, बसून बघता येतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तो घोडा थांबतो तिथे बसायला जागा आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. बाक आहे, टपरी आहे. पण धबधबा तिथून दिसत नाही, आजी."

"धबधबा कुणाला बघायचाय? आम्ही लग्नानंतर माथेरानला गेलो तर हे घोड्यावर आणि मी मागून यांची पिशवी घेऊन चालत. साडीत कशी बसणार, म्हणाले. मला घोड्यावर बसायचंय."

मुलगा गप्प झाला. इतक्या वर्षांत त्याला हे ठाऊक नव्हतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी तीन दिवस सगळ्यांना धबधबा समजावत होते आणि आजींना मुळात धबधबा नकोच होता, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. लाल वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मी माझ्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या. गुडघ्याचं डॉक्टरना विचारा. लांब पँट आणि बंद बूट घाला. आणि घोडे थांबले की कुणी कितीही आग्रह केला तरी पायऱ्या उतरायच्या नाहीत. शेवटी असं ठरलं: आजी, मोठा मुलगा आणि नात घोड्यावर. सून, धाकटा नातू, काका-काकू कायो लेवांतादोला, समुद्रात डुंबायला. सात जणांची तिकिटं दोन वेगवेगळ्या दिशांना गेली, तरी कुणी रागावलं नाही. जहाजावर हे क्वचित घडतं. सगळ्यांनी एकत्रच हिंडलं पाहिजे या हट्टापायी माणसं मन मारून नको त्या डोंगरावर चढतात.

त्या दिवशी मी धक्क्यावर होते, वर गेले नाही. सकाळी आजी सुनेच्या ट्रॅक पँटमध्ये टेंडरमधून उतरल्या, छातीवर नंबराचा स्टिकर. त्यांची संकष्टी होती, हे मला तिथे कळलं. जेवणात चिकन, भात आणि राजम्यासारखे लाल दाणे असणार होते. मी म्हटलं, कच्च्या केळ्याचे तळलेले काप मिळतील. "तळण वेगळं असेल का गं?" त्यांनी विचारलं. नसेल, असं मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढून दाखवले.

दुपारी अडीचला त्यांची गाडी परत आली. पँट मांडीपर्यंत तांबडी झालेली, केस विस्कटलेले. मुलगा आणि नात खाली धबधब्याला जाऊन आले होते. आजी तेवढा वेळ बाकावर मोतद्दारांबरोबर बसल्या होत्या, आणि एकमेकांचा शब्द कळत नसताना त्यांनी त्या पोरांना दोन लाडू खायला घातले होते.

"कसा होता घोडा?"

"बारीक होता," त्या म्हणाल्या. "पण समजूतदार. तो पोरगाही. त्याला मी दहा डॉलर दिले, पाच घोड्याचे आणि पाच त्याचे. हा म्हणत होता जहाजावर भरलेत पैसे." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "भरलेस ते जहाजाला."

मला आता जहाज सोडून तीन वर्षं झाली. ती लाल वही आईच्या कपाटात आहे. तुम्ही कधी अशा सहलीचं तिकीट काढाल तर काउंटरवरच्या माणसाला आधी विचारा की तू स्वतः गेला आहेस का, आणि घोडा कुठे थांबतो. आणि एकेक, पाच-पाच डॉलरच्या नोटा जहाजावरच मोडून घ्या. डोंगरात कुणाकडे सुट्टे नसतात.